तीर्थन खोऱ्यात फ्लाय फिशिंग: स्कॉटलंडहून दोघे येताहेत, आम्ही तिघे नवखे. तयारी कशी करावी?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात स्कॉटलंडहून दोन मित्र येत आहेत. दोघेही तिकडे वर्षानुवर्षे फ्लाय फिशिंग (गळाला पिसे-धाग्यांचा बनावट किडा, म्हणजे फ्लाय, बांधून मासेमारी) करणारे. त्यांच्यासोबत पुण्याहून आम्ही तिघे हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात चार दिवस जाणार आहोत. मुक्काम गुशैणीजवळच्या होमस्टेत ठरला आहे. आम्हा तिघांचा अनुभव तलावाकाठी साध्या स्पिनिंग रॉडचा. फ्लाय रॉड कुणीच हातात धरलेला नाही. हातात दोन महिने आहेत.

परवाना कसा काढायचा? पाच जणांत रॉड किती लागतील? पाहुण्यांना तिकडून काय आणायला सांगावे आणि काय आणू नका म्हणावे? पुण्यात सराव कसा करावा? आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांचे नेमके कुठे बिघडते? सविस्तर लिहिलेत तर फार मदत होईल.

खळाळ

वेळ चांगली निवडलीत. हिमाचलात ट्राउटची (थंड पाण्यातल्या माशाची) मासेमारी 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असते, कारण ब्राउन ट्राउट थंडीत अंडी घालतो. मार्चमध्ये नदी उघडते. एप्रिलच्या मध्यापर्यंत पाणी थोडे उबदार होऊन मासा खायला लागलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी गढूळ असते, तेव्हा फ्लायने काही होत नाही.

एप्रिलमध्ये वरचा बर्फ वितळत असतो, म्हणून नदीचे रोजचे वेळापत्रक समजून घ्या. पहाटे पाणी सर्वांत कमी आणि नितळ, पण बर्फासारखे गार. त्या वेळी मासा तळाशी सुस्त असतो. साडेनऊ-दहानंतर ऊन पाण्यावर येते, किडे हलू लागतात आणि दुपारी एक-दीडपर्यंत सगळ्यात चांगला वेळ मिळतो. त्यानंतर वितळलेले पाणी खाली पोचते, पातळी वाढते, रंग दुधट होतो. म्हणजे पहाटे पाचला उठून धावपळ करण्याची गरज नाही. व्यवस्थित नाश्ता करून निघा आणि जेवण दोनला ठेवा.

परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाचा, माणशी आणि दिवसागणिक. महाग नाही. होमस्टेच्या मालकांना पाचही जणांची नावे आणि ओळखपत्राच्या प्रती (पाहुण्यांच्या पासपोर्टच्या) आठवडाभर आधी पाठवा, म्हणजे कुठल्या कार्यालयातून काढायचा आणि ते सुट्टीच्या दिवशी उघडे असते का हे तेच सांगतील. दिवसाला किती मासे, किती लांबीच्या वरचे, हे परवान्यासोबतच्या नियमांत असते. ते नदीवर जाण्याआधी पाचही जणांनी वाचा. परवाना खिशात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, कारण रक्षक काठावर येऊन तपासतात. रॉड दोघांत एक असला तरी जो हातात धरणार त्या प्रत्येकाचा परवाना हवा.

स्कॉटलंडमध्ये ट्राउटसाठी सरकारी रॉड लायसन्स नसते, तिथे पाण्याच्या मालकाची किंवा स्थानिक क्लबची परवानगी घेतात. त्यामुळे पाहुणे "हा भाग कुणाचा?" असे विचारतील. तीर्थनवर तसा प्रश्न येत नाही, मात्र ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कची हद्द सांभाळा. गुशैणीच्या वर पायवाटेने उद्यानाचे प्रवेशद्वार लागते, त्याच्या आत गळ टाकायचा नाही.

पाहुण्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट: कुलूच्या नद्यांत ब्राउन ट्राउट 1909 च्या सुमारास काश्मीरमधून आणला गेला, आणि काश्मीरचा ट्राउट 1900 मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांतून वाढलेला. त्यांच्याच नदीतला मासा त्यांना इथे भेटणार आहे.

अनुराधा_पाषाण

मी सामानाबद्दल लिहिते. (मासा आणि माशी यांची रूपे एकमेकांत मिसळतात, "माशाला" म्हटले की कोणाला ते कळत नाही, म्हणून इथे फ्लाय हाच शब्द वापरते.)

पाच जणांना पाच रॉड नकोत. तीर्थन अरुंद, उताराची, मोठमोठ्या धोंड्यांची नदी आहे. पाच जण एकाच तुकड्यात उतरले तर दहा मिनिटांत मासा दडी मारतो. पाहुण्यांचे दोन रॉड आणि तुम्हा तिघांत दोन, असे चार पुरे. एकाने टाकायचे, दुसऱ्याने मागे उभे राहून फ्लाय कुठे वाहते ते बघायचे. बघणारा खूप लवकर शिकतो.

रॉड 8.5 किंवा 9 फुटी, 4 किंवा 5 वेट (लाइनच्या जडपणाचा क्रमांक), चार तुकड्यांचा. त्याच वेटची वेट-फॉरवर्ड (पुढचा भाग जड) फ्लोटिंग, म्हणजे तरंगणारी लाइन. सिंकिंग, म्हणजे बुडणारी लाइन इथे कामाची नाही, तळाला अडकते. रीळवर पैसे खर्च करू नका. वीस-तीस सेंटीमीटरचा मासा हातानेच लाइन ओढून आणायचा असतो, रीळ फक्त लाइन गुंडाळायला. पाहुण्यांनाही हे आधी कळवा, कारण तिकडचे बरेच जण लॉखवर, म्हणजे मोठ्या तळ्यावर, होडीतून 10-11 फुटी 6-7 वेटचा रॉड वापरतात. तो इथे झाडांत अडकेल. "लहान नदीवरचा रॉड आणा" असे स्पष्ट लिहा.

लीडर (लाइनच्या टोकाचा निमुळता पारदर्शक धागा) 9 फुटी 4X, माणशी तीन. टिपेट (लीडर आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा) 4X आणि 5X, प्रत्येकी दोन स्पूल. आकडा लक्षात ठेवायची युक्ती: 11 मधून X चा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजारांशात मिळते. 4X म्हणजे 0.007 इंच, साधारण 0.18 मिलिमीटर, 5X म्हणजे 0.15. फ्लायच्या नंबरला (नंबर मोठा तितकी फ्लाय लहान) तीनने भागले की कुठला X लावायचा ते कळते: 12 नंबरला 4X, 16 नंबरला 5X. जाड टिपेटवर बारीक फ्लाय ताठ राहते, पाण्यात मोकळी हलत नाही. पातळ टिपेटवर मोठी फ्लाय गरगर फिरून पीळ पाडते.

टिपेट ताजे हवे. नायलॉन उन्हाने आणि उष्णतेने कमजोर होते, गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेला स्पूल टाकूनच द्या. गाठ मारून दोन्ही हातांनी ताणून बघा, सहज तुटली तर स्पूल गेलेला आहे. आपल्याकडे फ्लायचे सामान निवडक ऑनलाइन दुकानांतच मिळते आणि साइज क्वचितच पूर्ण असतात, म्हणून लीडर, टिपेट आणि फ्लाय पाहुण्यांकडूनच मागवा. वजन काहीच नसते.

नवखा माणूस दिवसाला पाच-सहा फ्लाय गमावतो असे धरून चाला, काही झाडात, काही खडकाखाली. चार दिवसांसाठी मी ही यादी देईन (निम्फ म्हणजे किड्याच्या अळीसारखी, बुडणारी फ्लाय; बीडहेड म्हणजे डोक्याला मणी असलेली):

बीडहेड फेझंट टेल निम्फ, 14 आणि 16 नंबर: 24
बीडहेड हेअर्स इअर निम्फ, 12 आणि 14: 18
एल्क हेअर कॅडिस, 14: 12
पॅराशूट ॲडम्स, 14 आणि 16: 6
स्टोनफ्लाय निम्फ, 8 आणि 10: 6
वूली बगर, काळा किंवा ऑलिव्ह, 8: 4

एकूण 70. यापलीकडच्या पन्नास जाती पाहुण्यांच्या डब्यात असतीलच, त्यांच्या त्यांनी वापराव्यात. तुम्ही तिघांनी पहिले दोन दिवस फेझंट टेल सोडून दुसरे काही लावू नका. फ्लाय बदलत बसण्यात सकाळ जाते, आणि मासा न लागण्याचे कारण बहुतेक वेळा फ्लाय नसून ती पुरेशी खोल जात नाही हे असते.

बाकी: पोलराइज्ड चष्मा प्रत्येकाला (पिवळट-तपकिरी काच, राखाडी नको), टोपी, लांब बारीक टोकाची चिमटी, नखकटर, सपाट तोंडाची छोटी पक्कड, रबरी जाळीचे नेट दोन.

दुर्ग_डोह

सरावाबद्दल. आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटे हे रविवारी सलग तीन तास करण्यापेक्षा चांगले, कारण दमलेला हात चुकाच पाठ करतो. गवताचे मैदान शोधा. काँक्रीट आणि डांबरावर लाइनचे आवरण सोलते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये मैदान धुळीचे असते, म्हणून दर वेळी घरी येऊन लाइन कोमट पाण्यात थेंबभर साबण घालून पुसा. मळलेली लाइन गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) सरकत नाही आणि पाण्यात बुडते.

लीडरच्या टोकाला गळ नको, दोन सेंटीमीटर भडक रंगाच्या लोकरीचा तुकडा बांधा. सहा, आठ आणि दहा मीटरवर ताटल्या मांडा. तीर्थनवर दहा मीटरपलीकडे टाकायची वेळ क्वचितच येते, तेव्हा लांब फेकायचा हव्यास धरू नका. सहा मीटरच्या ताटलीत दहापैकी सात वेळा लोकर पडू लागली की तुम्ही तयार आहात.

नवख्यांच्या चुका तीनच असतात. मनगट मोडते, रॉड मागे जमिनीपर्यंत जातो आणि लाइन पाठीमागे कोसळते. यावर उपाय म्हणजे रॉडचे बूड शर्टाच्या बाहीत खोचून टाकणे, मनगट वळले की लगेच जाणवते. दुसरी चूक घाईची: मागे गेलेली लाइन सरळ होण्याआधीच पुढे झटका दिला की चाबकासारखा आवाज येतो. नदीवर तो आवाज आला म्हणजे फ्लाय तुटून गेली असे समजा. मान वळवून लाइन सरळ झालेली बघा आणि मगच पुढे या. तिसरी, पुढे येताना सुरुवातीलाच जोर लावणे. त्याने लाइनचा फास स्वतःलाच ओलांडतो आणि लीडरवर बारीक गाठी पडतात. अशा गाठीवर टिपेटची ताकद निम्म्यावर येते. दर दहा मिनिटांनी लीडर बोटांतून ओढून बघा, गाठ लागली तर तेवढा तुकडा कापा.

नदीवर पाठीमागे बहुतेक ठिकाणी झाडी आणि कडा आहे, त्यामुळे सगळ्यात जास्त उपयोग रोल कास्टचा (लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच गुंडाळत पुढे टाकण्याचा) होतो. तो गवतावर शिकता येत नाही, लाइनला पाण्याची पकड लागते. जिथे परवानगी असेल अशा एखाद्या तलावाच्या काठी, गळ नसलेल्या लीडरने, दोन सकाळी तरी करा.

गाठी दोनच शिका. फ्लायला इम्प्रूव्हड क्लिंच, पाच वेढे. लीडरला टिपेट जोडायला सर्जन्स नॉट, तीन फेऱ्या. ओढण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कुरळे होऊन कमजोर पडते. प्रत्येकी शंभर बांधा, शेवटच्या वीस मंद उजेडात.

निम्फवाला

अनुराधा यांच्याशी रॉडच्या बाबतीत थोडा असहमत. तिघा नवख्यांसाठी एक टेंकारा रॉड जरूर घ्या. हा जपानी पद्धतीचा, रीळ नसलेला, दुर्बिणीसारखा आत सरकणारा रॉड. 3.6 मीटरचा मिटला की साधारण अर्ध्या मीटरचा होतो आणि पाठपिशवीत मावतो. टोकाच्या दोरीला तेवढ्याच लांबीची बारीक लेव्हल (सगळीकडे सारख्या जाडीची) लाइन आणि तिला मीटरभर 5X टिपेट. धोंड्यामागच्या शांत पाण्याच्या खिशात फ्लाय टाकून लाइन पूर्ण हवेत उचलून धरता येते. तीर्थनचे पाणी याच पद्धतीला सर्वांत योग्य आहे, आणि तासाभरात माणूस मासेमारीला लागतो.

दोन गोष्टी पाळा. 5X पेक्षा जाड टिपेट नको, नाहीतर अडकल्यावर टिपेटऐवजी रॉडचे टोक तुटते. आणि अडकली की रॉड वर उचलून झटके देऊ नका. रॉडचे भाग हाताने आत सरकवा, लाइन पकडा आणि लाइननेच ओढा.

आता पाण्यातली मांडणी. नेहमीच्या फ्लाय रॉडवर टिपेटला एकच बीडहेड निम्फ लावा. इंडिकेटर (लीडरवरची तरंगणारी खूण) फ्लायपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर: दोन फूट पाणी तर तीन फुटांवर. प्रवाहाच्या उलट, तिरपे वरच्या अंगाला टाका आणि फ्लाय खाली येईल तसे रॉडचे टोक उचलत, डाव्या हाताने ढील गोळा करत या. इंडिकेटर पाण्यावरच्या फेसाच्या वेगाने किंवा त्याहून किंचित सावकाश वाहायला हवा. फेसाला मागे टाकत असेल तर वरचा प्रवाह लाइनला ओढतो आहे आणि तळाजवळचा मासा त्या फ्लायकडे बघणार नाही.

दहा वेळा टाकून फ्लाय एकदाही तळाला टेकली नाही तर ती उंच वाहते आहे. इंडिकेटर अर्धा फूट वर सरकवा, तरी टेकत नसेल तर फ्लायच्या वीत-दीड वीत वर शिसे नसलेला छोटा शॉट (वजनाचा मणी) चिमटून लावा. उलट, दर वेळी अडकत असेल तर अर्धा फूट खाली आणा. इंडिकेटर थबकला, बुडाला, बाजूला सरकला, काहीही वेगळे झाले की लगेच रॉड उचला. झटका नको, दार उघडताना जेवढा हात हलतो तेवढे पुरे. नवखे लोक "खडक असेल" म्हणून थांबतात, आणि ट्राउट फ्लाय तोंडात घेऊन क्षणार्धात थुंकतो.

नदीत खालून वर जा. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, मागून गेलेला माणूस त्याला उशिरा दिसतो. आधी काठाजवळचे पाणी, मग मधले. काठाशी मासा नसणार असे समजून सरळ गुडघाभर पाण्यात उतरणारे सगळे मासे स्वतःच्या पायांनी पळवतात. आणि पुढच्या जोडीच्या वर परस्पर जाऊन उतरू नका. वर जायचे असेल तर काठावरून, पाण्यापासून लांब, किमान दोन मोठे डोह सोडून.

खळाळ

पाहुण्यांच्या सामानाबद्दल एक अतिशय महत्त्वाचे. परदेशातले डोंगर-नदीवाले लोक सॅटेलाइट मेसेंजर किंवा सॅटेलाइट फोन सोबत बाळगतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ही साधने बाळगणे गुन्हा आहे आणि विमानतळावर अशा उपकरणांवरून परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे. बंद करून बॅगेत ठेवलेलेही चालत नाही. आजच लिहून कळवा: घरीच ठेवा. साधे जीपीएस घड्याळ ठीक.

चार तुकड्यांच्या 9 फुटी रॉडची नळी पाऊण मीटरच्या पुढे जाते, हातसामानाच्या मापात बसत नाही. देशांतर्गत विमानात ती चेक-इनलाच द्या, आणि फ्लायचे डबे, चिमटी, पक्कडही त्याच बॅगेत. होमस्टेच्या मालकांना परदेशी पाहुण्यांच्या मुक्कामाची नोंद सरकारकडे 24 तासांत करावी लागते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती आधीच पाठवलेल्या असल्या तर तिथे पोचल्यावर खोळंबा होत नाही.

चंदीगडहून गाडी घ्या आणि दिवसा प्रवास करा. मंडीच्या पुढे औटचा बोगदा लागतो, त्यात शिरायचे नाही. अलीकडूनच लारजी-बंजारचा फाटा आहे. रोख पैसे बंजारच्या आधीच काढून ठेवा.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. टेंकारा रॉड घेतो आहे. आणखी तीन शंका. आमच्यातल्या एकाला पोहता येत नाही, त्याने उतरावे का? वेडर्स (पाण्यात उतरायचे जलरोधक, उंच पायघोळ) घ्यावेत की नाही? आणि सगळ्यांना एकदा ट्राउट खायचा आहे, तो ठेवला तर चालेल का?

अनुराधा_पाषाण

ज्याला पोहता येत नाही त्याने पाण्यात उतरू नये. तीर्थनवर काठच्या धोंड्यांवरून भरपूर पाणी हाताशी येते, टेंकारा रॉड त्यालाच द्या. बाकीच्यांनीही गुडघ्याच्या वर जाऊ नये. पोहता येण्याचा फारसा उपयोगही नाही, कारण माणूस बुडण्याआधी धोंड्यांवर आपटतो. पाय दोन खडकांच्या फटीत अडकून तोल गेला तर प्रवाह वरून दाबून धरतो, खरा धोका तो आहे. बांबूची छातीइतकी काठी घ्या, ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवून एका वेळी एकच पाय हलवा. पडलात तर उठायची घाई नको. पाठीवर, पाय पुढे आणि वर, आणि पाणी उथळ झाल्यावरच उभे राहा.

वेडर्स नवख्यांनी विकत घेऊ नका. 3 मिलिमीटरचे निओप्रीन मोजे, पटकन वाळणारी पँट, घट्ट बसणारे जुने बूट. पाय बधिर झाले की बाहेर या, कारण बधिर पायाला खडक कळत नाही. पाहुणे वेडर्स आणतील तर कमरेचा पट्टा बांधल्याशिवाय कुणी पाण्यात जायचे नाही. तळ रबरी आणि त्याला खिळे असलेले बूट उत्तम. फेल्टचा तळ शेवाळावर चांगला धरतो, पण पायवाटेवरच्या चिखलात घसरतो आणि दिवसेंदिवस ओला राहतो.

तीर्थनवर वर धरण नाही, पण पाऊस वर पडला आणि तुमच्याकडे ऊन असले तरी पाणी चढते. पाणी अचानक गढूळले, काटक्या-पाने वाहून येऊ लागली की लाइन गुंडाळत न बसता काठ चढा. आणि खाली लारजीच्या पुढे बियास नदीत कुणालाही उतरू देऊ नका. 8 जून 2014 रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ सहलीला आलेले 24 विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा एक जण वाहून गेले. पात्र कोरडे, खडक फोटोसाठी छान, आणि काही मिनिटांत पाणी माथ्यावर.

खाण्यासाठी ट्राउट खोऱ्यातल्या मत्स्यपालकांकडून विकत घ्या. टाक्यांत वाढवलेला रेनबो ट्राउट असतो, होमस्टेवाले आणून देतात. नदीतला ब्राउन ट्राउट सोडून द्यावा असे माझे ठाम मत आहे, नियमात बसत असला तरी. थंड पाण्यात त्याला मोठे व्हायला वर्षे लागतात.

सोडताना: सगळ्या गळांचा उलटा काटा घरीच पक्कडीने चेपून टाका. हात ओले करून मगच मासा धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. फोटो काढणारा तयार असेल तरच मासा पाण्याबाहेर, तोही एक श्वास रोखून धरता येईल इतकाच वेळ. मग शांत पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून आधार द्या, तो स्वतः निघून जाईपर्यंत. मासा मागे-पुढे ढकलू नका, कल्ल्यांतून पाणी उलटे जाते.

दुर्ग_डोह

काटा चेपण्याचे आणखी एक कारण म्हणजे तुमचेच कान आणि बोटे. बिनकाट्याचा गळ आला तसा मागे निघतो. डोळ्याजवळ लागला तर मात्र हात न लावता झाकून सरळ दवाखाना. चष्मा काठावर बसलेल्यांनीही घालायचा. धनुर्वाताची लस झाली आहे ना हे आत्ताच बघा.

पाहुण्यांना परतीबद्दलही सांगा. परदेशी नदीतून आलेले ओले सामान स्कॉटलंडच्या नद्यांत नेले तर रोग आणि परजीवी पसरतात, तिकडे याची फार काळजी घेतात. शेवटच्या दिवशी बूट, वेडर्स, नेट सगळे चिखल काढून धुवा. पुण्यात आल्यावर गच्चीवर पूर्ण दोन दिवस कडकडीत वाळवा, बुटांचे इनसोल बाहेर काढून. म्हणजे तीर्थनहून परतणे आणि त्यांचे विमान यांत तीन दिवसांचे अंतर ठेवून तिकीट काढायला सांगा.